चारशेच्या खाली काय होतं

कारखान्यात तिला पाठीमागे सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत आणि तोंडावर ‘बाई’. तिला दोन्ही माहीत होतं आणि दोन्हीचा राग येत नसे. राग यायला तिच्याकडे इतर पुष्कळ गोष्टी होत्या. वाकडं कापलेलं पितळ, ढिला राहिलेला कनेक्टर, आणि ‘साधारण’ हा शब्द. “साधारण जमलंय बाई,” असं कोणी म्हणालं की ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, “साधारण म्हणजे किती? तुझ्या अकलेएवढं?”

एकोणिसाव्या वर्षी ती या कारखान्यात डाग द्यायच्या टेबलावर लागली. अँटेनांच्या तळाशी वायरी जोडायच्या, एवढंच काम. आता एकावन्नावं चालू होतं आणि ती मोजणीच्या खोलीची मालकीण होती. पदवी नाही, दारावर पाटी नाही. पण नवीन अँटेनेचं चित्र संगणकावर काढणारे पदवीवाले शेवटी तिच्याच दाराशी येऊन उभे राहत. भिंतींवर, छतावर निळ्या स्पंजचे हातभर लांब सुळके असलेली ती खोली. आत शिरलं की स्वतःचा आवाजसुद्धा परका वाटायचा. मध्यभागी लाकडी स्टुलावर अँटेना, बाहेर टेबलावर अॅनलायझर. यंत्र अँटेनेत लहरी सोडायचं आणि किती परत आल्या ते पडद्यावर रेघेने दाखवायचं. रेघ वर असली की अँटेनेने लहर झिडकारली. रेघेला खड्डा पडला की लहर आत घेतली.

बारीक काडीची अँटेना एकाच सुराला ओ देते. तिला पुष्कळ सुरांना ओ द्यायला लावायचं तर अंग जाड करावं लागतं, शंकूसारखं पसरवावं लागतं. हे बाईला पुस्तकाने नव्हे, कात्री आणि पितळेच्या पत्र्याने शिकवलं होतं. आणखी एक गोष्ट तिला अनुभवाने कळली होती, आणि ती ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते. “अँटेना म्हणजे दुकान नाही, शटर ओढलं की बंद व्हायला. तुम्ही कागदावर लिहिता चारशे ते सत्तावीसशे मेगाहर्ट्झ. तिला वाचता येतं का? तीनशेनव्याण्णवला ती काय झोपते?”

म्हणून ग्राहकाने कुठलाही पट्टा मागितला तरी बाई मोजायला तीस मेगाहर्ट्झपासून सुरुवात करायची. वेळ जास्त लागायचा. पदवीवाले घड्याळाकडे बघायचे. बाई बघायची नाही.

रुग्णवाहिकांचं काम आलं तेव्हा सगळा कारखाना खूश होता. शहरातल्या सगळ्या रुग्णवाहिकांना टपावर एकच अँटेना हवी होती. वायरलेस, मोबाइल आणि गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र, तिन्ही तिच्यावरच चालणार. बाईने आणि पदवीवाल्यांनी मिळून एक सुरेख अँटेना केली. पण एका डेपोच्या दाराची कमान बुटकी होती आणि अँटेना तिला घासत होती. मालकाचा भाचा विक्री बघायचा. त्याने फर्मान काढलं, उंची चार बोटं कमी करा.

“मग खालचा सूर जाईल,” बाई म्हणाली.

“तळाशी एक गुंडाळी घाला. येईल परत,” भाचा म्हणाला. हेही खोटं नव्हतं. गुंडाळी घातली आणि चारशेचा सूर परत आला. भाच्याने टाळी वाजवली.

बाईने तिसापासून मोजलं. रेघ वरच्या कडेने सरळ चालली होती आणि अठ्ठ्याण्णवपाशी ती धाडकन खाली कोसळली. अरुंद, खोल खड्डा. विहिरीसारखा. ती गुंडाळी आणि ती बुटकी काडी मिळून भलत्याच जागी एक कान उघडून बसल्या होत्या, आणि तोही गाण्यांची रेडिओ केंद्रं बोलतात बरोबर त्या जागी.

“भाचेसाहेब, हे बघा.”

“बाई, ग्राहकाने काय मागितलंय? चारशे ते सत्तावीसशे. हा खड्डा कुठे आहे? बाहेर. बाहेरचं आपल्याला कोणी विचारलंय का?”

“गाडी रेडिओच्या मनोऱ्याखालून गेली की या खड्ड्यातून ते सगळं आत शिरेल. कानाशी कोणी नगारा बडवत असेल तर पलीकडचं बोलणं ऐकू येईल का? वायरलेस बहिरा होईल.”

“होईल, होईल! झालाय का?” भाचा हसला. त्याने माउसने ग्राफची डावी बाजू धरली आणि चारशेपाशी आणून सोडली. खड्डा गेला. उरलेली रेघ इतकी देखणी होती की चौकट करून भिंतीवर लावावी. “आता सही करा. ट्रक दारात उभा आहे.”

कागदावर लिहिलं होतं, ‘दाखवलेल्या पट्ट्यातील मोजमाप बरोबर आहे.’ आणि ते बरोबरच होतं. कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं. बाईने पाच मिनिटं वाद घातला, दहा मिनिटं घातला. ट्रकवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. मालक दारातून डोकावून म्हणाला, “काय बाई, आज तरी निघेल का ट्रक?” आणि तिने सही केली.

दोन महिन्यांनी तिच्या दिराला कामावरून घरी बसवलं.

दीर रुग्णवाहिका चालवायचा. एकाच इमारतीत राहत होते ते, वर दीर-जाऊ, खाली ही आणि नवरा. नवऱ्याला छापखान्यातल्या यंत्रांनी अर्धा बहिरा केला होता, त्यामुळे घरात सगळेच वरच्या पट्टीत बोलत आणि एका घरातलं दुसऱ्या घरात आपोआप कळे. त्या दुपारी मात्र जाऊ खाली आली ती न बोलताच. ओट्याला टेकून उभी राहिली.

“काय झालं गं?”

“ताई, यांना घरी बसवलंय. चौकशी लावलीय. म्हणतात, वायरलेस मुद्दाम बंद ठेवला.”

झालं होतं असं. एका म्हाताऱ्या सुताराला काम करता करता झटका आला, तोंड वाकडं झालं. दिराने त्याला गाडीत घेतलं आणि टेकडीच्या रस्त्याने हॉस्पिटलकडे निघाला. रस्त्यात गर्दी. मधेच नियंत्रण कक्षाला कळलं की त्या हॉस्पिटलातलं डोक्याचा फोटो काढणारं यंत्र बंद पडलंय, पेशंट दुसरीकडे न्यायला हवा. त्यांनी गाडीला तीन वेळा हाक मारली. उत्तर नाही. दीर आपला सायरन वाजवत बंद यंत्राच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथून मागे फिरून दुसरीकडे पोचेपर्यंत पाऊण तास गेला. म्हातारा जगला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

“मी आवाज पूर्ण ठेवला होता, वहिनी,” दीर संध्याकाळी म्हणाला. पंचवीस वर्षं गाडी चालवणारा, दांडगा माणूस, खुर्चीत मुटकुळं करून बसला होता. “खरखर नाही, काही नाही. नुसतं शांत. मला वाटलं, कोणी बोलतच नाहीये.”

“कुठे होतास तेव्हा?” तिने विचारलं. एरवी ती त्याला भावजी म्हणायची आणि अहोजाहो करायची. त्या दिवशी तिची जीभ घसरली आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

“टेकडीवर. रेडिओ केंद्राच्या त्या मनोऱ्याखाली अडकलो होतो.”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाच्याचा राग आला, मालकाचा आला, ट्रकवाल्याच्या हॉर्नचा आला. पण हे सगळे राग ओसरले तरी खाली एक राग शिल्लक राहत होता, आणि तो स्वतःवरचा होता. त्या कागदाखाली सही तिची होती. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, उभ्या उभ्या, मोठ्या आवाजात. नवऱ्यालाही ऐकू गेलं.

दीर उठला आणि वर गेला. जाऊ मागोमाग जाताना जिन्यात थांबली आणि म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं, ताई?” बाईला हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती भाच्याच्या खोलीत दार न वाजवता शिरली.

“चौकशीवाल्यांना पत्र लिहा. दोष अँटेनेत आहे म्हणून. आजच.”

भाचा आधी पाणी प्यायला. “बाई, दोष कसला? आपण दिलेल्या पट्ट्यात अँटेना चोख आहे. पट्ट्याबाहेर ती काय करते ही आपली जबाबदारी नाही. आणि तुमचा दीर आहे तो, नाही का? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, भाच्याला ग्राफ कापता येतो, वाचता येत नाही.”

“सही तुमची आहे,” तो शांतपणे म्हणाला.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हातात त्याचाच पेपरवेट होता, तो तिने टेबलावर असा ठेवला की काचेला तडा गेला. मग ती मोजणीच्या खोलीत गेली, जुन्या मोजमापाची फाइल उघडली, तिसापासून सत्तावीसशेपर्यंतचा सबंध ग्राफ छापला आणि सगळ्यांच्या देखत पिशवीत घालून घरी गेली.

जायचं नव्हतं, तरी एका गुरुवारी ती त्या सुताराकडे गेली. आपण काय केलंय ते बघितल्याशिवाय नुसतं रागावणं तिला सोपं वाटत होतं, आणि सोप्या गोष्टींचा तिला संशय यायचा. दार त्याच्या मुलीने उघडलं. शाळेत शिकवणारी, तिशीतली, डोळ्यांखाली काळं. आत पलंगावर म्हातारा बसला होता. डावा हात अजून सुताराचा होता, रुंद, चिरा पडलेला. उजवा मांडीवर कोणी ठेवून दिल्यासारखा.

“उद्या,” म्हातारा म्हणाला.

“एवढंच बोलतात,” मुलगी म्हणाली. “पाणी हवं असलं तरी उद्या, दुखत असलं तरी उद्या. तुम्ही कोण?”

बाईने सांगितलं. अँटेना, गुंडाळी, खड्डा, सही, आणि गाडी चालवणारा आपला दीर. काही मागे ठेवलं नाही. मुलगी आधी समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. मग समजलं तेव्हा तिचा चेहराच बदलला.

“म्हणजे तुम्हाला आधी ठाऊक होतं? आणि तुम्ही माझ्या घरात येऊन मला हे सांगताय? कशासाठी? मी म्हणू का, जाऊ द्या, होतं असं?”

“नका म्हणू.”

“मी त्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या. हॉस्पिटलच्या दारात. त्याच्या तोंडावर. तो खाली मान घालून उभा होता. आणि तुम्ही तेव्हा कारखान्यात दुसरे ग्राफ काढत होतात!” ती ओरडत होती. म्हातारा घाबरून “उद्या, उद्या” म्हणत राहिला. बाई उभीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती समोरच्याचं बोलणं मधे न तोडता शेवटपर्यंत ऐकत होती. मुलीचा आवाज बसला तेव्हा ती म्हणाली, “पुढच्या सोमवारी चौकशी आहे. तिथे या. हेच तिथे बोला.”

“तुमच्या दिराला वाचवायला?”

“नाही. मला कोणी मधेच गप्प बसवायला लागलं तर तुम्हाला बसवता येणार नाही म्हणून.”

मुलीने दार लावून घेतलं.

सोमवारपर्यंत बाईने एक काम केलं. घरच्या टेबलावर पितळ कापून, डाग देऊन पहिली अँटेना पुन्हा बनवली. चार बोटं उंच, गुंडाळीशिवाय. एका टोकाला धरायला कोणीतरी हवं होतं. नवऱ्याच्या हाताला कंप होता. ती वर जाऊन म्हणाली, “धरायला ये.” जाऊ आली. तासभर दोघी काम करत होत्या. एकदा जाऊच्या बोटाला चटका बसला तरी तिने हात सोडला नाही.

चौकशी रुग्णवाहिकांच्या कचेरीत होती. लांब टेबल, पंखा, एका पायाने डुगडुगणारी खुर्ची. चौकशी अधिकारी किडकिडीत गृहस्थ, फाइलवर फाइल नीट रचणारे. भाचा इस्त्रीच्या कपड्यांत, एका वकिलाबरोबर. दीर भिंतीला लागून. मागच्या बाकावर सुताराची मुलगी येऊन बसली होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही.

अधिकाऱ्यांनी बाईला विचारलं, “आपण इंजिनिअर?”

“नाही.”

“मग?”

“मोजते. कारखान्यात बत्तीस वर्षं झाली.”

वकील म्हणाला, “या ड्रायव्हरच्या सख्ख्या वहिनी आहेत, हेही नोंदवून घ्या.”

“घ्या ना,” बाई म्हणाली. “आणि या कागदावर सही माझी आहे, तेही घ्या. दोन्ही खरं आहे. आता हा कागद बघा.” तिने कापलेला ग्राफ ठेवला. त्याच्या डाव्या बाजूला सबंध ग्राफचा राहिलेला तुकडा जोडला. “हे ग्राहकाला दाखवलं. हे दाखवलं नाही. हा खड्डा म्हणजे भोक आहे. यातून रेडिओ केंद्र आत शिरतं.”

“हे सगळं पट्ट्याबाहेर आहे,” भाचा म्हणाला. “करारात—”

“म्हातारा करारात झोपला होता का?” बाईचा आवाज खिडकीबाहेर गेला. कॉरिडॉरमधले शिपाई आत डोकावले. “मनोरा करार वाचून लहरी सोडतो का? तुम्ही पट्टा म्हणता, पट्टा! ती अँटेना चोवीस तास टपावर उघडी उभी असते. तिच्यावर जे पडेल ते ती घेते. ती काय घेते हे बघणं माझं काम होतं. मी बघितलं, आणि मग ट्रकच्या हॉर्नला भिऊन शेपूट घातली. माझं चुकलं. तुम्ही तर बघून पुसलंत!”

“बाई, आवाज खाली,” अधिकारी म्हणाले.

मागच्या बाकावरून सुताराची मुलगी उभी राहिली. “बोलू द्या त्यांना,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांना आता बोलता येत नाही. कोणाला तरी बोलू द्या.”

अधिकारी क्षणभर फाइलीच्या कडा जुळवत राहिले. मग म्हणाले, “बोलण्याने मला काही कळणार नाही. दाखवता येईल?”

दाखवता येणार होतं. भर दुपारी दिराचीच रुग्णवाहिका निघाली. चालवायला दुसरा ड्रायव्हर, मागे अधिकारी, वकील, भाचा, मुलगी आणि मांडीवर अँटेना घेतलेली बाई. टेकडीखाली वायरलेस खणखणीत बोलत होता. नियंत्रण कक्षातली मुलगी सांगितल्याप्रमाणे एकापासून आकडे मोजत होती. “एकवीस, बावीस, तेवीस…” मनोऱ्याच्या वळणावर आवाज गेला. खरखर नाही, तुटणं नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः हात पुढे करून आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. काही नाही. गाडी तिथेच उभी केली. एक मिनिट, दोन मिनिटं. सुताराच्या मुलीने दोन्ही हातांनी स्ट्रेचरचा दांडा घट्ट धरला होता.

बाई शिडीने टपावर चढली. एकावन्नाव्या वर्षी, साडी खोचून, उन्हात. कारखान्याची अँटेना उतरवली, आपली बसवली, कनेक्टर हाताने आवळून मग पान्याने पाव फेरा दिला. खाली गाडीच्या उघड्या दारातून आवाज आला, “…एकशे अडुसष्ट, एकशे एकोणसत्तर, एकशे सत्तर…”

खाली उतरली तेव्हा अधिकारी तिच्याकडे कौतुकाने बघत होते. ते बघून ती आणखीच भडकली. “चार बोटं,” ती भाच्याला म्हणाली. “चार बोटांचा प्रश्न होता. एका डेपोच्या दाराची कमान फोडली असती तर संपलं असतं.”

दीर निर्दोष सुटला आणि पुढच्या आठवड्यात कामावर गेला. टेकडीकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या अँटेना काढायचा हुकूम निघाला. कारखान्याला ताकीद मिळाली, एका पानाची, ज्यात ‘प्रत्यक्ष परिस्थितीतील अनपेक्षित परिणाम’ असे शब्द होते. अनपेक्षित! बाईने ते पान वाचलं आणि त्या शब्दावर पेनाने अशी रेघ मारली की कागद फाटला.

मालकाने तिला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, नुसता दमलेला होता. “बाई, एवढंच लिहून द्या की त्या दिवशी अॅनलायझर बिघडला होता. मग सगळं आहे तसं चालू ठेवू. तुमची खोली, तुमची खुर्ची.”

“माझा अॅनलायझर बिघडला नव्हता,” ती म्हणाली. “तो सोडून बाकी सगळं बिघडलं होतं.”

त्याच दिवशी डबा आणि चष्म्याचं घर घेऊन ती बाहेर पडली. तीन महिन्यांनी कारखान्याने उंच अँटेना ‘नवी सुधारित’ म्हणून बाजारात आणली. माहितीपत्रकावर भाच्याचा हसरा फोटो होता. जुन्या सहकाऱ्याने ते तिला पाठवलं, गंमत म्हणून. तिला गंमत वाटली नाही. ती ते घेऊन थेट रुग्णवाहिकांच्या कचेरीत गेली आणि अधिकाऱ्यांसमोर ठेवून म्हणाली, “ही बरोबर आहे. पण पुढची बरोबर आहे का, हे तुम्हाला कोण सांगणार? हा फोटो?” दोन आठवड्यांनी त्यांनी तिला खरेदीआधीच्या तपासणीसाठी बोलावलं. कंत्राटी जागा, जिन्याखालची खोली, सुळके नाहीत. पहिल्याच दिवशी तिने तपासणीचा छापील नमुना बदलून घेतला. मोजमाप तिसापासून, कोणी मागो न मागो.

सुताराच्या मुलीने नुकसानभरपाईचा दावा लावला, तेव्हा बाईने तिला सात पानांची जबानी लिहून दिली. मुलीने ती घेतली. धन्यवाद म्हटलं नाही. बाईला ते बरोबर वाटलं.

दीर मात्र तिच्याशी बोलत नव्हता. कामावर जाता-येता तिच्या दारासमोरून मान खाली घालून जायचा. जाऊ मधे पडायची, भांडायची, थकायची. अर्धं वर्ष गेलं. मग एका रविवारी सकाळी जिन्यावर बूट वाजले आणि तो दारात येऊन थांबला. बघत होता चौकटीकडे.

“वहिनी, गाडी खाली आणलीय. वायरलेस खरखरतोय. जरा बघता?”

ती चपला न घालताच उतरली. टपावर चढून बघते तर कनेक्टर कोणीतरी पकडीने जीव खाऊन आवळलेला, आटे घासलेले.

“भावजी, हा कोणी पिळला?”

“मीच. ढिला वाटला म्हणून.”

“ढिला वाटला! हातात पकड आली की तुम्हाला सगळंच ढिलं वाटतं! पाव फेरा म्हणजे पाव फेरा, बैल नांगराला जुंपायचाय का इथे?” ती टपावरून ओरडत होती. शेजारच्या खिडक्या उघडल्या. दीर खाली उभा राहून मान वर करून ऐकत होता. थोडं ऐकून झाल्यावर त्याने शिडी घट्ट धरली, तिचा पाय घसरू नये म्हणून, आणि म्हणाला, “बरं, आता नवा कनेक्टर कोणता आणू ते सांगा.”